आठ जणांचं टेबल: मॅजिकच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना बेळगावहून एक पत्र

प्रति,
पुणे, मुंबई आणि बंगळूर इथं मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा भरवणारी मंडळी
यांसी,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

6 जुलै 2025 च्या रविवारी तुमच्यापैकी एकांनी स्टँडर्डची, म्हणजे फक्त अलीकडे निघालेल्या संचांतले (सेटमधले) पत्ते चालतात त्या प्रकारची, स्पर्धा ठेवली होती. त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. तारीख ठरवताना कॅलेंडर बघायचं राहून गेलं असेल, समजू शकतो. आम्हाला मात्र ते शनिवारी रात्री बेळगावच्या स्टँडवर चांगलंच जाणवलं. बऱ्याच गाड्या पंढरपूरला लावलेल्या, आणि पुण्याकडे जाणारी जी आली तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी एका खासगी ट्रॅव्हल्सचं चाकावरचं सीट मिळालं. आईनं डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती. "पत्ते कुटायला चाललायस ते चाललायस, निदान उपास तरी मोडू नको," एवढंच म्हणाली.

उपास मोडला नाही. डेक, म्हणजे स्पर्धेसाठी निवडून बांधलेला पत्त्यांचा जोड, मात्र निघायच्या आधीच मोडला होता. 30 जूनला, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या सोमवारी, हा खेळ काढणाऱ्या कंपनीनं स्टँडर्डमधले सात पत्ते एका फटक्यात बॅन केले. त्यात कोरी-स्टील कटर होता, मॉन्स्ट्रस रेज होता. माझ्या लाल-निळ्या डेकचा कणाच गेला. हा कटर बाजारात आला 11 एप्रिलला. म्हणजे ऐंशी दिवसांचं आयुष्य. मी चार कटर मेच्या पगारातून घेतले होते आणि घरी सांगितलं होतं की गाडीचं सर्व्हिसिंग केलं. बदली पत्ते मुंबईहून बेळगावला पाच दिवसांत येत नाहीत, पावसाळ्यात तर नाहीतच. मग पेटीत पडलेले कुठले कुठले लाल पत्ते भरून साठ केले आणि गेलो. पाच फेऱ्यांत एक जिंकलो, तीही समोरचा उशिरा आला म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, हरलास म्हणून पत्र लिहितोस. तसंही थोडं आहेच.

पण बॅनबद्दल माझी तक्रार नाही. त्या डेकनं स्पर्धा गिळली होती, प्रत्येक दुसऱ्या टेबलावर तोच. मी स्वतः तो खेळत होतो, म्हणजे मीही त्या रोगातलाच एक जंतू. तक्रार वेगाची आहे. पूर्वी स्टँडर्डमध्ये वर्षाला चार सेट यायचे. 2025 मध्ये सहा आले: फेब्रुवारीत एथरड्रिफ्ट, एप्रिलमध्ये तारकीर, जूनमध्ये फायनल फँटसी, ऑगस्टमध्ये एज ऑफ इटर्निटीज, सप्टेंबरमध्ये स्पायडरमॅन, नोव्हेंबरमध्ये अवतार. यातले तीन तर दुसऱ्याच जगातून उसने आणलेले. शिवाय 2023 पासून सेट दोनऐवजी तीन वर्षं स्टँडर्डमध्ये राहतात. कंपनीचं म्हणणं, पत्ते जास्त दिवस चालतील. चालतात, पण त्यामुळे ढीग एवढा वाढलाय की त्यातून कुठले दोन पत्ते एकमेकांशी जुळून खेळ फोडतील हे त्यांचं त्यांनाही आधी दिसत नाही. फायनल फँटसीतला विवी ऑर्निटियर हा पत्ता जूनमध्ये आला, अगाथाज सोल कॉल्ड्रन या दुसऱ्या पत्त्याच्या कढईत जाऊन बसला, सगळा पावसाळा त्यानं खाल्ला आणि 10 नोव्हेंबरला तोही बॅन. आम्ही निपाणीच्या एकाला म्हणालो होतो, घेऊ नको. त्यानं घेतला.

आमच्या शेजारी, आंबोलीचा घाट उतरलं की, सावंतवाडीची गंजिफा आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकशेवीस गोल पत्ते हातानं रंगवलेले. विष्णूनं दहा अवतारांत आटोपलं. त्याला कुणी दर दोन महिन्यांनी नवा अवतार काढ असं सांगितलं नाही.

कंपनीला पत्र लिहायचा विचार माझ्याही मनात आला होता. पण फायनल फँटसीनं एका दिवसात वीस कोटी डॉलरचा धंदा केला, हे कंपनीची मालक असलेल्या हॅस्ब्रोच्या मुख्य अधिकाऱ्यानं स्वतः सांगितलंय. ज्याला एका दिवसात वीस कोटी डॉलर मिळाले त्याला बेळगावच्या टिळकवाडीतून कोण सांगणार की बाबा, जरा दमानं? आणि खरं सांगायचं तर स्पायडरमॅन आला म्हणून माझा भाचा पहिल्यांदा टेबलाजवळ येऊन बसला. त्यामुळे "आमचा खेळ बाटवला" असा गळा काढणाऱ्यांत मी नाही. तुम्हाला लिहितोय, कारण तारीख तुम्ही ठरवता, फॉरमॅट, म्हणजे खेळाचा प्रकार, तुम्ही ठरवता, आणि कुठले पत्ते चालतील हेही बऱ्याच वेळा तुमच्याच हातात असतं.

आधी आमचं टेबल काय आहे ते सांगतो.

बेळगावच्या शहापुरात एका जुन्या मागाच्या खोलीत आम्ही बसतो. माग गेला, खोली राहिली. भिंतीला अजून सुताचा वास आहे. रविवारी दुपारी तीनला. बेळगावचे चार-पाच, खानापूरचा एक, निपाणीचे दोन, आणि जमलं तर गडहिंग्लज-कोल्हापूरकडून एखाद-दुसरा. त्याआधी आम्ही तीन जागा गमावल्या. जागामालकाला "कार्ड गेम" म्हटलं तरी त्याच्या कानात "पत्ते" शिरतं, आणि पत्ते म्हटलं की आमच्याकडच्या पेपरात रोज येणारी अंदर-बाहरच्या अड्ड्यावरच्या धाडीची बातमी. एका मालकानं तासभर मागे उभं राहून बघितलं, पैसे कुठं लागतायत ते त्याला सापडेना. मग म्हणाला, "पैसं न लावता एवढं भांडालाय व्हय?" दुसऱ्या दिवशी किल्ली परत मागितली. त्याला पैशाशिवायचं भांडण जास्त संशयास्पद वाटलं असावं.

टेबलावर मराठी आहेत, कन्नड आहेत, खानापूरचा घरी कोकणी बोलतो. पत्त्यावरची भाषा इंग्रजी, ती तिघांनाही सारखीच परकी, त्यामुळे भांडण बरोबरीचं होतं. गंमत अशी की आपली पाळी संपली की आमची मराठी पोरं "आय्तु" म्हणतात आणि कन्नड पोरं "झालं" म्हणतात. कधी सुरू झालं कुणाला आठवत नाही. मॅजिकच्या पत्त्यांत संस्कृतातला एक पत्ता निघालाय, माहीत असेल तुम्हाला. 2001 च्या अपोकॅलिप्स सेटच्या प्रीरिलीजला, म्हणजे बाजारात यायच्या आधीच्या खेळाला, दिलेला फंगल शॅम्बलर. देवनागरीत छापलेलं ते बुरशीचं भूत मी फोटोतच पाहिलंय. बोलत्या भारतीय भाषेत मात्र एकही पत्ता माझ्या पाहण्यात नाही. आमच्या टेबलावर त्याचा वाद कधी झाला नाही. मराठी आधी की कन्नड आधी हा वाद घालायला आमच्याकडे बाहेर भरपूर जागा आहे.

हे हसण्यावारी नेऊ नका. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकच्या बसच्या एका कंडक्टरला मराठीवरून मारहाण झाली, आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेवर थांबल्या. आदल्याच आठवड्यात, 14 तारखेला, एथरड्रिफ्ट बाहेर पडला होता. तीन जगांतून धावणारी गाड्यांची शर्यत असा तो सेट. त्यातलं एक जग भारतासारखं: 2016 ला ते कलादेश नावानं आलं होतं, आता त्याचं नाव आविष्कार ठेवलंय. तर टेबलावर आविष्कारातून गाड्या सुसाट पळत होत्या आणि कोल्हापूरचे दोघे ज्या गाडीनं यायचे ती कागलच्या पुढं येत नव्हती. सहा जणांनी ड्राफ्ट केला, म्हणजे पाकिटं फोडून एकेक पत्ता निवडत डेक बांधले. मारहाणीबद्दल टेबलावर दोन मतं होती, ती मी इथं लिहीत नाही. त्या दिवशी कुणी कुणाशी जास्त बोललं नाही, पण सहाही जण साडेसातपर्यंत बसले होते.

म्हणून जेव्हा बंगळूरच्या एका आयोजकांनी मोठ्या मनानं विचारलं की "बेळगावलाच एक मोठी स्पर्धा घेऊ, 1 नोव्हेंबरला शनिवार आहे, सुट्टीही आहे," तेव्हा मला काय उत्तर द्यावं कळेना. 1 नोव्हेंबर म्हणजे बंगळुरात राज्योत्सवाची, कर्नाटकच्या स्थापनादिनाची, सुट्टी. बेळगावात त्या दिवशी एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी माणसांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, आणि मधे पोलीस. आमच्या टेबलावरचा एक जण त्या मिरवणुकीत ढोल वाजवतो. दुसऱ्याचे वडील गेली कित्येक वर्षं काळी फीत लावून सायकल काढतात. दोघं रविवारी समोरासमोर बसतात. शनिवारी बसवायचा प्रयत्न करू नका. तारीख ठरवायच्या आधी एक फोन करा, एवढंच म्हणणं आहे. आषाढी, 1 नोव्हेंबर, गणपती, दहावीच्या परीक्षा, हे चार बघितले तरी खूप झालं.

आता मूळ मुद्दा. पुणं आम्हाला साडेतीनशे किलोमीटर, बंगळूर पाचशे. तुमच्याकडे पत्ता कमी पडला की माणूस दुकानात जातो किंवा शेजारच्याकडून उसना घेतो. आमच्याकडे आठ माणसं आणि आठांच्या पेट्या, बास. त्यामुळे स्टँडर्डच्या शर्यतीत आम्ही धावायचं ठरवलं तरी आम्ही कायम एक बॅन मागे असतो. दोन वर्षं हे केल्यावर आठातले तीन गळाले. एकानं सगळा संग्रह विकून लॅपटॉप घेतला. दुसरा आता फक्त मोबाइलवर अरीना, म्हणजे मॅजिकचं डिजिटल रूप, खेळतो आणि चांगला खेळतो, पण परवा आला तेव्हा त्याला पत्ते पिसता येईनात. अरीना स्वतःच पिसून देतं, स्वतःच मोजतं, चूक करूच देत नाही. समोरच्याला "थांब, मला उत्तर द्यायचंय" असं तोंडानं म्हणायचं असतं, हे तो विसरला होता. तिसऱ्याचं लग्न झालं, त्यात मॅजिकचा दोष नाही.

उरलेल्यांना टिकवलं ते क्यूबनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्यूब म्हणजे आपण स्वतः निवडलेला पत्त्यांचा एक कायमचा साठा, एकेका पत्त्याची एकच प्रत. आठ जणांना प्रत्येकी पंधराचे तीन गठ्ठे, म्हणजे माणशी पंचेचाळीस, आठांचे तीनशे साठ. गठ्ठ्यातून एक पत्ता उचलायचा, बाकीचे शेजाऱ्याला द्यायचे. पहिला गठ्ठा डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा परत डावीकडे. मग चाळीसचा डेक बांधून खेळायचं. संपलं की सगळे पत्ते परत डब्यात. आमचा क्यूब कुंद्याच्या दोन रिकाम्या डब्यांत राहतो. त्याला अजून थोडा तुपकट वास येतो, त्याबद्दल माफी. एकदा खर्च झाला, आठ जणांत वाटला गेला, आणि त्यानंतर कुठलाही सेट आला, कुठलाही बॅन झाला, तरी आमचा रविवार चुकला नाही. कुणाकडे कटर आहेत आणि कुणाकडे नाहीत हा प्रश्नच टेबलावरून गेला. निपाणीचा दहावीतला पोरगा मला सलग तीन रविवार हरवतोय. स्टँडर्डमध्ये त्याच्याकडे डेकच नसता.

आमच्या तीनशे साठातले शंभरेक पत्ते प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या पत्त्याऐवजी घरी केलेले बदली पत्ते, आहेत, हे उघडपणे सांगतो. साध्या लँडच्या पत्त्यांवर कागद चिकटवलेले, काहींवर तर नुसतं पेनानं लिहिलेलं. मला माहीत आहे, अधिकृत स्पर्धेत प्रॉक्सी चालत नाही. स्पर्धेतच पत्ता फाटला तर जज बदली पत्ता लिहून देतो, असे थोडेच अपवाद. तो नियम मोडा असं मी म्हणत नाही. पण अधिकृत नसलेल्या, तुम्ही हौसेनं भरवता त्या स्पर्धांतही तुम्ही तोच नियम लावता आणि वर नैतिकतेचं बोलता, ते पटत नाही. 2016 मध्ये कंपनीनंच जाहीर केलं होतं की स्वतःपुरत्या, विकायच्या नसलेल्या अशा पत्त्यांच्या मागे आम्ही लागणार नाही. खोटा पत्ता खरा म्हणून विकणं वेगळं, ती फसवणूक. आमच्या प्रॉक्सीवर निळ्या बॉलपेनचं अक्षर आहे. ते बघून कुणी फसला तर त्याला चष्म्याची गरज आहे. आणि 2022 मध्ये तिसाव्या वर्धापनदिनाच्या नावानं कंपनीनं काय विकलं? चार पाकिटं, साठ पत्ते, 999 डॉलर, पाठ वेगळी छापलेली, स्पर्धेत चालत नाहीत. याला आमच्या शहापुरात प्रॉक्सीच म्हणतात. आमच्या बॉलपेनवाल्या जरा स्वस्त पडतात इतकंच.

पत्त्याची किंमत हीच त्याची इज्जत होऊन बसली की माणसं बिघडतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. 23 सप्टेंबर 2024 ला कमांडर या मॅजिकच्या दुसऱ्या फॉरमॅटच्या नियम समितीनं चार पत्ते बॅन केले. माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस असले महागडे. समितीतली माणसं स्वयंसेवक. त्यांना इतक्या धमक्या आल्या की आठवड्याभरात, 30 सप्टेंबरला, त्यांनी फॉरमॅटच कंपनीच्या हवाली केला. खेळाडूंनी चालवलेला सगळ्यात मोठा फॉरमॅट खेळाडूंनीच घालवला. तेव्हा आपल्या गटांमध्येही जे मेसेज फिरत होते ते मी वाचलेत. "माझे पैसे बुडवले" यापलीकडे त्यात काही नव्हतं. खेळ चांगला होईल की वाईट, यावर एक ओळ नाही.

दुसऱ्यांना बोलतोय तर स्वतःचंही सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याच निपाणीच्या पोरासारखा एक पोरगा, नववीतला, आमच्याकडे यायचा. त्याच्या पाकिटातून एक चांगला पत्ता निघाला. त्याला किंमत माहीत नव्हती, मला होती. मी त्याला त्या बदल्यात चमकणारे सहा फॉइल दिले. तो एवढा खूश झाला की त्यानं ते सगळ्यांना दाखवले. टेबलावरच्या कुणीच काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. लहानपणी भिकार-सावकार खेळायचो, त्यात तरी सावकार होणं नशिबावर असायचं. जुलैच्या पावसात ते सहाही फॉइल केळीच्या वेफरसारखे वाकले. बेळगावच्या हवेत फॉइल टिकत नाही, आणि वाकलेला पत्ता डेकमध्ये ओळखू येतो म्हणून स्पर्धेतही घेत नाहीत. त्याला कुणीतरी किंमत सांगितलीच असणार. तो परत आला नाही. मी तो पत्ता परत द्यायला त्याच्या घरी गेलो तर ते भाड्याची खोली सोडून संकेश्वरला गेलेले. पत्ता अजून माझ्याकडे आहे, क्यूबमध्ये घातलेला नाही.

तुमच्या स्पर्धांत दोन फेऱ्यांच्या मधे जी पत्त्यांच्या वह्या उघडून देवघेव चालते, तिथं पंधरा वर्षांच्या पोरासमोर तीस वर्षांचा माणूस बसलेला मी दर वेळी बघतो. तिथं कुणीतरी एक जाणता माणूस नुसता उभा करा. त्यानं काही बोलायचीही गरज नाही. मला त्या दिवशी कुणी नुसतं खाकरलं असतं तरी मी थांबलो असतो.

तर मागणं असं. वर्षातून एक स्पर्धा क्यूबची घ्या, किंवा प्रॉक्सी चालतील अशी घ्या. अधिकृत गुण नकोत, बक्षिसाला पाकिटं नकोत, हवं तर गोकाकचा करदंट ठेवा. ती दोन्ही राज्यांतल्या लहान गावांना जमेल अशा जागी घ्या. बेळगावला घेतलीत तर मागाची खोली आहे, दोन टेबलं मावतात. जास्त लोक आले तर आम्ही कार्यालय बघू, आणि मालकाला आधीच सांगू की पैसे लावत नाही पण भांडण होणार. पुण्याहून येणारे आणि बंगळूरहून येणारे दोघेही आमच्यासारखे एकदा रात्रीच्या गाडीत चाकावर बसून आले, तर पुढची तारीख ठरवताना त्यांना आमची आठवण राहील. उरलेले अकरा महिने स्टँडर्ड घ्या, कमांडर घ्या, स्पायडरमॅन घ्या. आम्ही जमेल तेव्हा येऊ आणि हरू.

जानेवारीतला तिसरा रविवार आम्ही मोकळा ठेवलाय. येणार असाल तर कळवा म्हणजे जेवणाचा आकडा सांगता येईल. येताना पत्त्यांवर घालायच्या साध्या स्लीव्हचं एक पाकीट आणा, आमचे पावसात चिकटले. आणि गडहिंग्लजचा जो गडी दिवाळीत येऊन गेला, तो हे वाचत असेल तर त्याला सांगणं आहे की त्याच्या डेकमध्ये आमचा काउंटरस्पेल नावाचा पत्ता गेलाय. सध्या त्याच्या जागी शिंप्याच्या दुकानाच्या कार्डावर "काउंटरस्पेल" लिहून काम चालवतोय, आणि दर वेळी कुणीतरी ते वाचून विचारतं की ब्लाउज कधी मिळणार.

आपला,
शहापूर, बेळगाव येथील रविवारच्या टेबलावरचा एक